घरच्याला कसलं आवतण

अक्का,

तू गेलीस आणि माझ्या हातांना काम उरलं नाही. हे ऐकून तू हसशील. आपल्याकडचं एकही कार्य माझ्या यादीशिवाय झालं नाही. मांडववाला, आचारी, कुणाला आणायला गाडी पाठवायची, कुणाचा चहा बिनसाखरेचा, कुणाशेजारी कुणाला चुकूनही बसवायचं नाही, सगळं माझ्याकडं लिहिलेलं. तुझ्या प्राजक्ताच्या लग्नात तू येईल त्या पाहुण्याला सांगत होतीस, "आमची ही कुसमी मेली तरी वर जाऊन चित्रगुप्ताला पद्धत शिकवील."

मी नाही गेले, तू गेलीस. आणि मयताला यादी नसते. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, हे आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. फोन एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप गेले. शाहूवाडीहून आपल्या माहेरची माणसं भातातली कामं टाकून आली. पेठ वडगावचे तुझे व्याही आले. मी दारात उभी राहून आलेल्यांना पाणी देत होते आणि मनात एकेका नावापुढं खूण करत होते. सवय. पुढचे दिवस मी तुझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून घासले, पुसले, परत भरले. प्राजक्ता म्हणाली, "मावशी, बस की जरा." बसले. मग उठून माळ्यावरची पातेली काढली. हे लिहिता लिहिताही मी मधेच उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.

रक्षाविसर्जनाला घाटावर पान ठेवलं आणि आम्ही मागं सरतोय तोवर कावळा शिवला. घड्याळ बघायलाही वेळ मिळाला नाही. तुझे चुलत दीर डोळे पुसत म्हणाले, "बघा, लगीच शिवला. काय बी मागं ठिवलं न्हाई वैनीनं." सगळ्यांना बरं वाटलं. बायका म्हणाल्या, पुण्यवान बाई. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला. त्याला काय माहीत होतं? माझ्या मनातल्या एका नावापुढं खूण झाली नव्हती. सगळ्यात जवळचं गाव, सगळ्यात जवळचं नातं, आणि तेच माणूस आलं नव्हतं. माझ्याइतकंच ते इतरांनीही हेरलं होतं. परतीच्या वाटेवर मागून कुजबुज आली, "उचगाव काय लांब हाय व्हय? सख्खी नणंद. लग्नाला न्हाई आली, आता मयताला बी न्हाई. काय काळीज म्हणायचं हे."

हौसाताई. तुझ्या 'वन्सं'.

दर पंचमीला तू टेंबलाईच्या टेकडीवर सांगायचीस ती गोष्ट आता मला सारखी आठवते. नवरात्राच्या पाचव्या दिवशी अंबाबाईची पालखी टेकडीवर यायच्या आत आपण जागा धरायची. सावली बघून मी सतरंजी अंथरायची, तू पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढायचीस, आणि बघता बघता ओळखीच्या-बिनओळखीच्या बायका भोवती जमायच्या. तू काही कीर्तनकार नव्हतीस. तुला पोथी नीट वाचताही यायची नाही, ओवी मधेच सोडून तू भांडायला लागायचीस. पण गोष्ट सांगावी तर तूच.

"कोल्हासुर मेला. बरं झालं. पर त्याचं पोरगं मागं ऱ्हायलं हुतं, कामाक्ष. त्यानं कुठनं तरी योगदंड मिळवला आन् सगळ्या देवांची मेंढरं केली. अंबाबाई सुदीक मेंढरू. चरतायत बघा देव. पाला खातायत. मग सोडवायला कोण आली? ही आमची टेंबलाई. तिनं युक्तीनं दंड काढून घेतला, त्या पोराचा निकाल लावला आन् एकेका मेंढराचा परत देव केला. मग जिंकल्याचा सोहळा झाला. समद्यांना आवतण गेलं. टेंबलाईला न्हाई गेलं."

इथं तू थांबायचीस. लाडूचा तुकडा तोंडात टाकायचीस. "का न्हाई गेलं? सांगा."

बायका सांगायच्या. गडबडीत ऱ्हायलं असंल. सांगणारा रस्त्यात झोपला असंल. कुणीतरी म्हणायचं, सवतीमत्सर. तू सगळ्यांना मान डोलवायचीस आणि पुढं जायचीस. "मग ही रुसली. हिथं टेकडीवर येऊन बसली ती शहराकडं पाठ करून. अंबाबाईला चूक कळली, आन् ती सोताच्या पायानं समजूत काढायला आली. अजून येतीया. दर साली."

मी दर वर्षी तेच म्हणायचे. "यादी नव्हती केलेली. यादी असती तर नाव राहिलं नसतं. एवढ्या मोठ्या कार्याला कुणी तोंडी कारभार करतं का?"

"तुझ्या यादीत देव पण अकारविल्हे बसतील," तू म्हणायचीस. "कुसमे, नाव ऱ्हाणं आन् माणूस ऱ्हाणं एक न्हाई."

आपलं हे भांडण किती पंचम्या चाललं, ते मी एकदाही मोजलं नाही. माझ्यासारखीनं मोजलं नाही, यावरून ओळख.

आता जे लिहायचं आहे ते लिहू की नको, यात माझे चार दिवस गेले. तुला आवडणार नाही. तू ते तुझ्या लेकीलाही कधी सांगितलं नाहीस. तरी लिहिते आहे, आणि का लिहिते आहे ते शेवटी सांगते.

तुझं पहिलं बाळ गेलं त्यानंतरचे ते महिने. तू आधी बोलायची थांबलीस. मग खायची. मग ओळखायची. मी कॉलेज बुडवून आले होते. मागच्या खोलीत तू भिंतीकडं तोंड करून बसलेली होतीस, केसांच्या जटा, अंगावरच्या पातळाचं भान नाही. मी "अक्का" म्हटलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि तुझ्या डोळ्यांत कुणी नव्हतं. मी बाहेर येऊन रडले. घरात मोठी माणसं बाहेरचं झालंय म्हणत होती, देवऋष्याला बोलावणं गेलं होतं. दाजी नुसते सोप्यात बसून होते.

एकटी हौसाताई उभी राहिली. तेव्हा लग्नाची पोरगी होती ती, तुझ्याहून लहान. देवऋषी आला तेव्हा खोलीच्या दारात आडवी बसली. "अंगारा लावायचा आसंल तर आदी मला लावा," म्हणाली. तीच तुला एसटीनं डॉक्टरकडं घेऊन गेली, हात धरून, तू रस्त्यात बसकण मारलीस तर शेजारी बसून. तीच तुला न्हाऊ घालायची. घास भरवायची, तू थुंकलीस की पुसून परत भरवायची. तिच्यासाठी स्थळ आलं, चांगलं होतं. "वैनी माणसात आल्याबगर मी हितनं हालणार न्हाई," म्हणून तिनं ते परतवून लावलं. आणि एक दिवस ती तुझ्या जटा सोडवत होती, फणी अडली, आणि तू म्हणालीस, "हळू." एवढंच. पण ते बोलणं होतं. हौसाताई फणी हातात धरून तशीच बसली होती, हे मी बघितलंय.

तू माणसात आलीस. प्राजक्ता झाली. तू गल्लीतली अक्का झालीस, जिच्याकडं बायका सल्ल्याला यायच्या. हौसाताई उचगावला दिल्या गेल्या. त्या महिन्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. हौसाताईंनी तर नाहीच. नणंद-भावजय म्हणून तुम्ही गोडीनं राहिलात, येणंजाणं, भाऊबीज, सगळं. फक्त त्या आल्या की तू थोडी जास्त मोठ्यानं बोलायचीस. मला वाटतं माझ्याशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नसेल.

मग प्राजक्ताचं लग्न. दाजी जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळं आवतणाचा सगळा कारभार तू आणि मी. मी वाटेवाटेनं नावं लावली होती, शाहूवाडीकडची एका दिवसात, वडगाव-हातकणंगल्याकडची एका दिवसात. उचगावच्या वाटेवर तुझी भावकीतली चार घरं होती. मी विचारलं, "हौसाताईंकडं साडी घेऊन तू जाणार ना? आत्या आहे पोरीची."

"ती घरचीच," तू म्हणालीस. "घरच्याला कसलं आवतण? ती मांडव घालायला येणार."

यात वावगं काही नव्हतं. आपल्याकडं असंच चालतं. परक्याच्या दारात आपण अक्षता घेऊन दोनदा जातो, आणि जो सगळ्यात जवळचा, त्याला कुणीच सांगत नाही, कारण त्याला काय सांगायचं? मी तरी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. तू चिडलीस. "तू तुझ्या याद्या बघ."

हौसाताई मांडव घालायला आल्या नाहीत. हळदीला आल्या नाहीत. अक्षता पडायच्या आधी तू मान वळवून वळवून मांडवाच्या दाराकडं बघत होतीस. मंगलाष्टकं संपली. तू पोरीला जवळ घेऊन रडलीस, सगळ्यांना वाटलं पोरीसाठी.

त्यानंतर घरात सांगायचं ठरलं ते असं, की हौसाताई रुसल्या. रुसव्याला काय औषध? आणि लोकांनीही तेच धरलं. मोठ्या मानाची बाई, आवतणावाचून आली नाही.

गेल्या पंचमीला तुझा गुडघा दुखत होता. तरी तू टेकडी चढलीस. गोष्ट त्याच जागी येऊन थांबली. का न्हाई गेलं आवतण? बायकांनी तेच तेच सांगितलं. मी यादीचं सांगितलं. या वेळी तू मान डोलवली नाहीस.

"मला वाटतंय ती इसरलीच न्हाई," तू म्हणालीस. "तिच्या चांगलं ध्यानात हुतं. पर बघा, सोहळा हाय. अंगावर शालू, डोक्यावर छत्र, समदे पाया पडतायत. आन् तिथं ती येऊन बसणार, जिनं आपल्याला पाला खाताना बघितलंय. ती तोंडातनं शबूद काढणार न्हाई. पर तिचे डोळे? ज्यानं आपल्याला मेंढरू झालेलं बघितलं, त्याला मांडवात बसवायला जीव होत न्हाई बाई."

एक म्हातारी म्हणाली, "आगं, पर तिनंच सोडीवलं न्हवं?"

"म्हणून तर," तू म्हणालीस.

मला कळलं तू कुणाबद्दल बोलतेस. तुलाही कळलं की मला कळलं. मी तुला विचारू शकले असते. त्याऐवजी मी आपल्या नेहमीच्या भांडणात दुसरं भांडण काढलं. "मग अंबाबाईनं गुपचूप जाऊन माफी मागायची होती. एवढी पालखी, एवढा लवाजमा, वाजंत्री, हे कशाला? माफीची मिरवणूक?"

"चारचौघात सोडलं ना तिला?" तू म्हणालीस. "मग चारचौघातच जायला पायजे. एकटं जाणं सोपं हाय."

तोवर पालखी आली. कुमारिकेनं त्या असुराच्या नावानं कोहळा फोडला आणि त्याच्या फोडी प्रसाद म्हणून घ्यायला नेहमीसारखी झुंबड उडाली. मी दर वर्षी सांगते, अक्का, चेंगरशील, एका फोडीसाठी काय एवढं. तू दर वर्षी पदर खोचून घुसायचीस आणि कोपरं मारून एक फोड घेऊनच यायचीस. गुडघा धरून सुद्धा घुसलीस. फोड रुमालात बांधलीस आणि म्हणालीस, "तू जा रिक्षानं. मी पलीकडनं उतरतो. जरा काम हाय." पुण्याच्या पाहुण्यांसमोरही तू 'मी जातो, मी येतो' असंच बोलायचीस, आणि 'पलीकडनं जरा काम हाय' हे तर पंचमीचं ठरलेलं. मला वाटायचं तिकडं तुझी कुणी भिशीतली मैत्रीण असेल. प्रत्येक गोष्टीचा पत्ता ठेवणारी मी, टेकडीच्या पलीकडं कोणतं गाव आहे याचा विचार केला नाही.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मला राहवेना. माझं सुतक संपलं होतं. लग्न झालेल्या लेकींना माहेरचं तीनच दिवस, तसं मी मोकळी होते. मी स्कूटर काढली आणि उचगावला गेले. काय बोलायचं ते रस्त्यानं मुद्द्यांत बसवत होते. पहिला मुद्दा, लोक बोलतायत. दुसरा, तेराव्याला तरी या. तिसरा जुळत नव्हता.

दारातच त्यांची सून भेटली, वैतागलेली. "बरं झालं आला मावशी. तुमीच सांगा आमच्या आत्तीस्नी. त्यांचं सुतक तवाच सुटलंय. तरी देव झाकून ठिवल्यात. आमटीला फोडणी न्हाई, डोक्याला तेल न्हाई, जिमनीवर निजत्यात. पोरं जेवंनात. विचारलं तर म्हणत्यात, माझ्या घरातलं माणूस गेलंय, तेरा दिस पाळणार."

मी आत बघितलं. देव्हाऱ्यावर पांढरं फडकं होतं. माझे मुद्दे तिथंच संपले.

हौसाताई मागं गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या, माझ्याकडं पाठ करून. केस कोरडे, पिंजारलेले. वळल्या नाहीत.

"आवतण घिऊन आलीस?"

"दुःखाला आवतण नसतंय, हौसाताई."

"मग कशाला आलीस?"

"तुम्हाला न्यायला."

धारेचा आवाज चालूच राहिला. "त्या दिवशीच येणार हुतो. पायात चपला घातल्या हुत्या. मग म्हटलं, गेलो तर समद्या बाया इचारणार, इतकी वर्सं कुठं हुतीस? लग्नाला का न्हाई आलीस? आन् मयताच्या घरात बाया सोडत न्हाईत. एकातनं एक निघत जातंय. कुणाला तरी जुनं आठवंल, मागच्या खोलीतलं. वैनी मरून पडलीया आन् तिचं झाकलेलं मी जाऊन उघडं करू? त्यापरीस मला काळजाची काळी म्हणू देत."

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. कधी नव्हे ती बसून राहिले.

"तुम्ही रुसला नव्हता?"

"रुसलो हुतो की. लगीन चुकलं माझं. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या हुत्या मला. दोन सालं धुमसलो. मग एका पंचमीला ही बया दारात हजर. रुमालात कोहळ्याची फोड. दिली, पाणी प्याली, म्हशीची चौकशी केली आन् गेली. त्याच्या पुढल्या साली बी तसंच. दर साली."

"माफी मागितली?"

"तिला यायचं न्हाई ते."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? ती यायची ती धारंची वेळ. मी हिकडं तोंड करून धार काढायचो, ती तिकडं उभी." मग त्या वळल्या. तोंडभर हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "दोगी बी येडपट. म्हस आमाला हसत आसंल."

अक्का, तू एकटी जात होतीस. टेकडीवर चारचौघांना सांगायचीस की चारचौघात जायला पायजे, आणि त्याच पायांनी पलीकडून उतरून एकटी जायचीस. मी आलेली असताना मला रिक्षात बसवून. मला राग आला तुझा. अजून आहे. पण ते दुखरे गुडघे, ती झुंबड, त्या फोडीसाठी मारलेली कोपरं, हेही डोळ्यांसमोरून जात नाही. रागावत रागावत मी तुझ्यासाठी पहिल्यांदा नीट रडले ती तिथं, गोठ्यात, म्हशीसमोर.

तेराव्याला हौसाताई आल्या. गोडाचं जेवण व्हायच्या आधी, घर भरलेलं असताना, नऊवारी नेसून दारातून सरळ आत आल्या. प्राजक्ता धावली आणि आत्याच्या गळ्यात पडली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि आता काय होणार ते मला माहीत होतं. तुझी ती चुलत सासूबाई, जिच्याशेजारी मी कधीच कुणाला बसवत नाही, तिनंच सुरुवात केली.

"आलीस व्हय एकदाची? पोरीच्या लग्नात आवतण ऱ्हायलं म्हणून रुसलीस ती आज उगवलीस."

हौसाताईंनी चप्पल काढून कडेला लावली. शांतपणे. "कोण म्हणालं आवतण ऱ्हायलं? घरच्याला कसलं आवतण लागतंय, काकू? माझंच चुकलं. माझी म्हस व्याली हुती, मी आलो न्हाई. वैनीचा काय दोष?"

तुझंच वाक्य. मी ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तूच सांगितलं असशील, एखाद्या पंचमीला, म्हशीची चौकशी करता करता. त्यांनी ते तुझ्या अंगावर शालीसारखं घातलं, सगळ्यांसमोर. हौसाताई पंगतीला बसल्या नाहीत, वाढायला गेल्या. घरच्यासारख्या.

लोकांचं समाधान झालं. म्हैस व्याली होती, संपलं. तू जन्मभर झाकलंस ते झाकलेलं राहिलं. आणि मला त्या रात्रीपासून परत बसवेना. कारण हिशेब असा झाला की त्यांनी तुला मेंढराचं माणूस केलं, तुझ्यासाठी स्थळ परतवलं, तुझ्यासाठी काळजाची काळी झाल्या, तुझ्यासाठी खोटं बोलल्या, आणि चारचौघांत त्यांच्या नावावर काय उरलं? म्हशीपायी भाचीचं लग्न चुकवणारी आत्या.

मी प्राजक्ताला सगळं सांगितलं आणि हे लिहू का म्हणून विचारलं. आई कधीकाळी भिंतीकडं तोंड करून बसली होती, हे तिला पहिल्यांदा कळलं. तिला स्वतःला बाळंतपणानंतर काही महिने फार जड गेले होते, तू तिच्याकडं जाऊन राहिली होतीस, आठवतं? ती म्हणाली, "मावशी, तेव्हा आई मला रोज फणी करायची. एवढी मोठी मी, आणि ती माझ्या वेण्या घालायची. म्हणायची, हळू करतो हां." मग म्हणाली, "लिही. आईला राग आला तर माझ्यावर घाल."

मग मी उचगावला जाऊन हौसाताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला उगं?" मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. त्यांनी बराच वेळ वैरण सारखी केली. मग म्हणाल्या, "तिला येडी म्हणू नगंस म्हंजे झालं. आजारी हुती ती."

आजारी होतीस, अक्का. बरी झालीस. यात झाकायचं काय होतं, हे मला आजही कळत नाही, आणि हे आपलं राहिलेलं भांडण. तू इथं असतीस तर म्हणाली असतीस, तू मेंढरू झाली न्हाईस म्हणून तुला कळत न्हाई. खरं असेल. पण तूच सांगितलेलं मी धरून चालले आहे. चारचौघात सोडलं, तर चारचौघातच जायला पाहिजे. तुझी पालखी निघाली नाही. म्हणून हा कागद, चारचौघांनी वाचावा असा.

उद्या पंचमी. दुखवट्याचं वर्ष आहे, सण करायचा नाही. पण टेकडीवर जाणं हा सण नव्हे, असं मी ठरवून टाकलं आहे आणि कुणाला विचारलेलं नाही. दुपारी बसून यादी केली. सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, शेंगदाण्याचे लाडू. प्राजक्ता वडगावहून परस्पर येणार. जमणाऱ्या बायका गोष्ट कोण सांगणार म्हणून विचारतील, तेव्हा जमेल तशी मीच सांगेन, आणि आवतण का नाही गेलं इथं आले की यादीचं काढणार नाही. कोहळ्याच्या झुंबडीत मला घुसता येईल की नाही माहीत नाही, पण जुनी साडी नेसून जाणार आहे.

माणसांची नावं लिहायला घेतली आणि सवयीनं पहिलंच नाव लिहिलं, हौसाताई. त्यांचा फोन नंबर माझ्याकडं आहे. सून म्हणालीही होती, फोन करा, मी बसवून देते त्यांना रिक्षात. मी ते नाव खोडलं.

सकाळची धार आटोपायच्या वेळेला मी उचगावला त्यांच्या दारात जाणार आहे, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, गल्ली जागी असताना. घरच्याच आहेत त्या. म्हणून जाऊन सांगायचं.